लग्नपत्रिकेतल्या तीन मैत्रिणी

आमच्या गावात थापा मारण्याचा मान माझा. तो कुणी दिलेला नाही, पन्नास वर्षं राबून मिळवलेला आहे. तरुणपणी भिवंडीच्या एका कारखान्यात माझं धोतर मागात अडकलं आणि मालकानं कापडाचा तागा मोजला तेव्हा मला धरून बारा मीटर भरला, ही हकिगत मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्यात एक मीटर वाढवतो. लोक हसतात, चहा पाजतात आणि माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. दामूआजा "पाऊस आला" म्हणाला, तर माणसं आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघतात.

त्यामुळे उन्नतीची थाप गावात सगळ्यांच्या आधी मी ओळखली, यात नवल नाही.

उन्नती माझ्या पुतण्याची, दौलतची, धाकटी मुलगी. ही दोन हजार सहा सालची गोष्ट. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वडप्याला हायवेच्या कडेनं गोदामं उठली, त्यातल्या एकात ती कॉम्प्युटरवर बसायची. कुठला खोका आला, कुठल्या रॅकवर गेला, कुठल्या ट्रकात चढला, याच्या नोंदी. ड्युटी आठला सुटायची, आणि अंबाडीहून आमच्या गावात शिरणारी शेवटची एसटी साडेसहाची. म्हणून भिवंडीत खोली घेऊन राहायची आणि पंधरा दिवसांनी रविवारी घरी यायची.

दौलतनं हो म्हटलं होतं, पण एका अटीवर.

"सोबत पायजे," तो म्हणाला होता. "चार बऱ्या पोरींची सोबत असंल तं रहा. पन तिकडं एकटी पडलीस असा कानावर आला ना, त्याच दिवशी जीप घेऊन येन आणि गादीसकट उचलून आणीन. मग नोकरी बिकरी काय न्हाय. लग्न."

दौलत थापा मारत नाही. तो म्हणाला म्हणजे जीप येणारच.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आमच्या पडवीत भिवंडीच्या गोष्टी सुरू झाल्या. उन्नतीच्या तीन मैत्रिणी. निशा वल्लाल, पद्मानगरची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. भाविका गाला, धामणकर नाक्याजवळ राहणारी, वडिलांचं भांड्यांचं दुकान. आणि तय्यबा. चौघी मिळून हे खातात, ते बघतात, एकीच्या वाढदिवसाला दुसरी केक आणते. पार्वती, म्हणजे उन्नतीची आई, भाजी निवडता निवडता ऐकायची आणि हरखून जायची. प्रितेश, तिचा भाऊ, म्हणायचा, "त्यातली एखादी माझ्यासाठी बघ ना!" आणि पार्वती त्याला भाजीची जुडी मारायची.

मी कोपऱ्यात विडी विझवून ऐकायचो. निशा कधी रुसत नव्हती. भाविका कधी उशिरा येत नव्हती. खऱ्या मैत्रिणी अशा नसतात. खरी मैत्रीण महिन्यातून एकदा तरी डोक्यात जाते. आणि आडनावंही पोरीनं हुशारीनं निवडली होती. भोईर, केणे, पाटील असं एक जरी नाव घेतलं असतं, तर पार्वतीनं तिथल्या तिथं "कुठली? काल्हेरची? मग ती आपल्या ठकुबाईची नणंद!" असं नातं काढून दुसऱ्या दिवशी डबा धाडला असता. तेलुगू आणि कच्छी आडनावांत आमची नाती शिरत नाहीत.

एका तय्यबावर मात्र माझा विश्वास बसायचा. तिचं दूध उतू जायचं. ती सासूला तोंडावर "हो हो" म्हणायची आणि मागं पुटपुटायची. एवढं बारीक कुणी मनानं रचत नाही. मी सुद्धा नाही.

मग प्रितेशचं लग्न ठरलं आणि दौलतनं पत्रिका छापायला घातली.

आमच्याकडची पत्रिका म्हणजे मतदारयादी. ज्याचं नाव राहील तो दहा वर्षं बोलत नाही. एकशे सतरा नावं झाली. गोठ्यातली म्हैस तेवढी राहिली, तीही रुसल्यासारखी दिसत होती. त्यात दौलतला काय वाटलं कोण जाणे, "आपले स्नेही" खाली त्यानं तीन नावं घातली: कु. निशा वल्लाल, कु. भाविका गाला, सौ. तय्यबा मुनीर बुबेरे, सर्व राहणार भिवंडी.

"पोरीला त्यांनी सांभाळला," तो म्हणाला. "त्यांचा मान ठेवायला पायजे."

उन्नतीनं पत्रिका हातात घेतली, वाचली आणि पाणी प्यायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पण छापून भागत नाही. ज्याचं नाव पत्रिकेत, त्याला घरच्या वडीलधाऱ्यानं घरी जाऊन अक्षता द्यायच्या, हा आमचा रिवाज. पिवळे तांदूळ हातावर पडले नाहीत तर ते आवतणच नव्हे. हळदीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सगळी मंडळी मांडवाच्या बांबूंना लटकलेली. मोकळा मी एकटा.

"काका," दौलत म्हणाला, "तुला काम तं काय न्हायच. भिवंडीत जा, उन्नतीची ड्युटी दुपारी सुटंल, तिच्या तिन्ही मैत्रिणींच्या घरी अक्षता दे आनि तिला घेऊन ये. आनि तोंड बंद ठेव. मागाच्या धोतराचा सांगू नको तिकडं."

तीन पत्रिका आणि अक्षतांची पुडी घेऊन मी वंजारपट्टी नाक्यावर उतरलो. उन्नती उभी होती. पोरीचा चेहरा असा, जणू मी अक्षता नव्हे, वॉरंट घेऊन आलोय.

आधी पद्मानगर. एका इमारतीच्या तोंडाशी ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "आजा, विसरलेच बघ. निशा सोलापूरला गेली. तिच्या आजीला बरं नाही."

"अरेरे," मी म्हटलं. "काय होतंय?"

"म्हातारपण."

"वाईट आजार. मलाही आहे."

मग धामणकर नाका. भाविकाला कावीळ. दार लावून झोपलीय, कुणाला भेटत नाही.

मी रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर टेकलो. "उने, एका दुपारी दोन आजारी? मी पन्नास वर्षं या धंद्यात आहे, पण इतकी घाई मी सुद्धा करत नाही. एकीला तरी नुसती बाजारात धाडायची होतीस."

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

"आजा, उसाचा रस घेशील?" एवढंच म्हणाली.

रस घेतला. तिनं स्वतःसाठी घेतला नाही. माझा ग्लास संपेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल, खोलीवर जाऊ."

खोली पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना, खाली लूमचा कारखाना. शुक्रवार म्हणून माग बंद होते. भिवंडीत शुक्रवारी माग थांबले की गावाला ताप उतरल्यासारखं वाटतं. खोली झाडून पुसून इतकी स्वच्छ होती की तिथं कुणी राहतं असं वाटतच नव्हतं.

"एकटी कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून." ती गादीच्या कडेला बसली. "गोडाऊनमध्ये चाळीस माणसं आहेत, आजा. मी आले की सगळे गप्प होतात. 'मॅडम, एंट्री मारा', 'मॅडम, सही'. बस. परवा हिशेब केला, माझं नाव घेऊन मला कुणी हाक मारली त्याला तेरा दिवस झाले होते. ती पण आयेनं. फोनवर."

"शेजारीपाजारी?"

"पहिल्या दिवशी बोलायचं राहून गेलं. आठव्या दिवशी लाज वाटली. आणि तीन महिन्यांनी काय सांगून बोलणार? मी इथंच राहते, फक्त आत्तापर्यंत बोलले नव्हते, असं?" तिनं भिंतीकडे बघितलं. "बाकीचे दिवस खटखटीत निघून जातात. शुक्रवारी रजा असली की मला नको होतं. शुक्रवारी पलीकडचं सगळं ऐकू येतं."

तेवढ्यात ऐकू आलंच. भिंतीपलीकडून एका म्हातारीचा आवाज: "तय्यबा! दूध बग!"

उन्नती हळूच म्हणाली, "आता ती म्हणेल, बघितलं बघितलं."

"बगितलं, बगितलं!" पलीकडून आलं.

"आणि आता भांडं आपटेल."

भांडं आपटलं.

मी पोरीकडे बघतच राहिलो. वर्षभर तिनं ही बाई भिंतीतून ऐकली होती, दारावरच्या पाटीवरून तिचं आडनाव घेतलं होतं आणि आमच्या पडवीत आणून बसवली होती. आणि त्या बाईला याचा पत्ता नव्हता.

आता शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. पण पुडीत अक्षता होत्या, पत्रिकेत नाव होतं, आणि मी काही शहाणा नव्हे. मी उठलो.

"आजा, नको. आजा, पाया पडते!"

मी पलीकडची कडी वाजवली.

दार अर्धं उघडलं. पंचविशीची बाई, हाताला पीठ, ओढणी डोक्यावर सावरत. मी पत्रिका पुढं केली. "तय्यबा मुनीर बुबेरे आपणच ना? नातवाचं लग्न आहे. आवतण द्यायला आलोय."

तिनं पिठाच्या हातानं पत्रिका धरली, बोट फिरवत फिरवत नावावर आली, आणि तिचा रंग उतरला. "हे कोनी छापलं? सासूबाईंनी बगितलं तर मला फाडून खातील. मी तुमाला वळखत पन नाय!"

माझ्या मागून उन्नती पुढं आली. "मी सांगितलं होतं. माझी चूक झाली. मी… इथं पलीकडं राहते."

"म्हायत हाय की!" ती बाई म्हणाली. "वरीस झालं. मान वर करून बगत नाय तुमी. आमाला वाटलं, आफिसवाली हाय, घमेंडी हाय."

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

तय्यबानं आत एकदा नजर टाकली, दार आणखी थोडं ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पन माझं नाव कशाला छापलं?"

उन्नतीनं सांगितलं. घरी काय अट होती, घरी काय सांगावं लागतं. सगळं चार वाक्यांत, खाली बघून. मला वाटलं, आता बाई दार आपटणार. पण तिनं विचारलं, "मग तुमच्या घरी मी काय काय करते?"

"काय काय म्हणजे… आपण दोघी फालुदा खायला जातो. तुम्ही माझ्या ग्लासातल्या शेवया काढून घेता."

"मी? आनि?"

"ईदच्या आधी तुम्ही मला बांगड्या भरायला नेलंत. भाव तुम्हीच पाडला. दुकानदार हात जोडून म्हणाला, बाजी, पुढच्या वर्षी येऊ नका."

तय्यबा पिठाचा हात तोंडावर दाबून हसली. हसता हसता नाकाला पीठ लागलं. "अल्ला! मी रमजानपासून हा जिना उतरले नाय. मुनीर सौदीला, आनि सासूचे गुडघे असे की त्यांना सोडून जाता येत नाय." मग हसू ओसरलं. "म्हनजे तुमच्या गावात मी मजेत हाय."

"मजेत," उन्नती म्हणाली.

"मग तिथं राहू द्या मला."

तिनं ओढणीचं टोक पसरलं. मी अक्षता घातल्या. तिनं गाठ मारली. "लग्नाला नाय येता येनार. पन घेते."

आतून म्हातारी ओरडली, "कोन हाय गं?"

"कोनी नाय," तय्यबा म्हणाली. "पत्ता इचारतायत."

आणि दार लागलं.

नाक्यावर एसटीत बसल्यावर उन्नती म्हणाली, "आजा, घरी काय सांगणार?"

"तू परत घरीच का नाही येत, पोरी? एवढं एकटं राहून काय मिळतं?"

"गोडाऊनमध्ये खोका कुठं आहे हे मी सांगितल्याशिवाय ट्रक हलत नाही. घरी मी सांगितलं म्हणून चुलीवरचा भातसुद्धा कुणी उतरवत नाही." मग माझ्या बाहीला धरून म्हणाली, "बाबांना कळलं तर सोमवारी जीप येईल, आजा. तू काहीतरी सांग. तुला येतं ना सांगायला!"

येतं. पण तीच तर पंचाईत होती. मी म्हणालो असतो, "तिघी भेटल्या, गुणाच्या पोरी आहेत," तर दौलतच्या डोक्यात लगेच किडा वळवळला असता: काका म्हणतोय म्हणजे नसणार. आणि सोमवारी तो खात्री करायला स्वतः गेला असता. साऱ्या तालुक्यात एवढी खोटी साक्ष देऊ शकणारा माणूस नाही, आणि नेमकी त्याचीच साक्ष चालणार नाही. अंबाडीपर्यंत मी विचार केला. अंबाडीला पान खाल्लं आणि ठरवलं.

मांडवात पंचवीसेक माणसं होती. दौलत शिडीवर. वरूनच ओरडला, "काका, दिल्या कं अक्षता? भेटल्या कं पोरी?"

मी ओटीवर बसलो, टोपी काढली. "कसल्या पोरी? तुझ्या मुलीला एकही मैत्रीण नाही. निशा नाही, भाविका नाही. पोर वर्षभर एका खोलीत एकटी राहते. भिंतीला कान लावून शेजारणीचं दूध उतू गेलेलं ऐकते आणि आपल्याला येऊन सांगते."

प्रितेशनं मांडीवर थाप मारली आणि सगळे खो खो सुटले. केसरीनाथ मांडववाला बांबूला धरून हसत होता.

"भिंतीला कान!" दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. "काका, तुला म्हटला होता तोंड बंद ठेव! बारा मीटरचा आता पन्नास झाला! उने, आजाला काय पाजलास भिवंडीत?"

"उसाचा रस," उन्नती म्हणाली आणि हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. "बाबा, निशा सोलापूरला गेली आनि भाविकाला कावीळ झाली. तय्यबानं अक्षता घेतल्या, पन तिच्या सासूचे गुडघे दुखतात."

"बघा!" दौलत मांडवाला म्हणाला. "अशी असते खरी गोष्ट!" आणि पुन्हा खिळा ठोकायला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा मी पंचवीस माणसांसमोर अक्षर न् अक्षर खरं बोललो होतो. जीप काही येणार नव्हती. पण पोरीचं ते हसणं मला ऐकवेना, म्हणून मी चहाच्या निमित्तानं मागच्या दाराला गेलो.

आत पार्वती तांदूळ निवडत होती. ती मांडवात हसायला आली नव्हती. उन्नती तिच्याजवळ येऊन बसली, सुपात हात घातला. मी दाराबाहेरच थांबलो.

"उने," पार्वती म्हणाली, सुपातून मान वर न करता. "आजा बोलला ता…"

"आये, तू पन आता आजाच्या थापा खऱ्या मानायला लागलीस?"

"तसा न्हाय. मना आपला वाटला. तुझी ती निशा, वरीस झाला, एकदा पन तुझ्यावर रागावली न्हाय."

उन्नतीचा हात सुपात थांबला. मी बाहेरून बघत होतो. तिनं ओठ उघडले. आता सांगते की काय, असं मला वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं.

पार्वतीनं एकदम तिच्या तोंडावर हात ठेवला. तांदळाचा पांढरा हात.

"नको. बोलू नको. तू सांगितलास तं मना तुझ्या बापाला सांगावा लागंल. त्याच्यापासून मी आजवर काय लपवला न्हाय."

पार्वतीनं हात काढला, सूप पाखडलं, आणि दोघी खडे वेचायला लागल्या. मी चहा न मागताच परतलो.

हळद झाली, लग्न झालं. भिवंडीचं कुणी आलं नाही. दौलत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "शहरातल्या पोरी, सुट्टी मिळत न्हाय."

सोमवारी दुपारच्या एसटीनं उन्नती गेली. पोचली की तिनं मिसकॉल द्यायचा, एक रिंग वाजली की कापायचा, म्हणजे पैसे पडत नाहीत आणि पोचल्याचं कळतं, अशी त्या घरची पद्धत. पाचच्या सुमाराला ओटीवर मोबाइल वाजला. मी तिथंच होतो. पार्वती आतून धावत आली आणि पहिली रिंग संपायच्या आत तिनं फोन उचलला.

पलीकडं उन्नती दचकली असणार.

"काय करतेस?" पार्वतीनं विचारलं. मैत्रिणींचं काही विचारलं नाही.

पलीकडचा आवाज मला बारीक ऐकू आला. "काही नाही, आये. केर काढते. तीन दिवस खोली बंद होती."

"काड."

"फोन ठेवू?"

"फोन राहू दे तिकडं, गादीवर. तू काड केर. मी हाय."

पार्वती खांबाला टेकून बसली, फोन कानाला लावून. दौलत बाहेरून ओरडला, "कोनाचा फोन? पैसे पडतात!" तिनं हातानंच त्याला गप्प केलं. मला केरसुणीचा आवाज काही ऐकू आला नाही; माझे कान म्हातारे. तिला ऐकू येत असावा, कारण मधेच ती म्हणाली, "गादीखालचा पन काड," आणि पुन्हा ऐकत राहिली.